देवीची लस आणि लेकीची लस

मराठी भाषेने लस टोचण्याला पूर्वी जे नाव दिले होते ते मोठे मौजेचे आहे. आपल्या आज्या-पणज्या लस टोचून घेत नसत. त्या 'देवी काढून' घेत. रोगालाच देवी म्हणायचे, ती घरी आली की दाराला निंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही, आणि ती निघाली की दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिची पाठवणी करायची, असा आपला रिवाज. अशा घरात सुई घेऊन एक सरकारी माणूस शिरतो, पोराचा दंड ओरखडतो, आणि भाषा त्यालाही आपल्यात सामावून घेते! 'देवी काढणारा' हा शब्द रूढ झाला तेव्हा मराठी आईबापांनी लशीशी अर्धा समझोता केला होता, असे म्हणायला हरकत नाही. उरलेला अर्धा समझोता व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षे गेली.

आज तशीच एक लस आपल्या उंबरठ्यावर उभी आहे. ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी आहे, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी आहे, आणि तिच्यासाठी भाषेने अजून कोणताही गोड शब्द घडवलेला नाही. कारण हा रोग ज्या विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून पसरतो. देवीला दहीभात दाखवता येत होता. या पाहुण्याचे नाव घरात उच्चारताही येत नाही. जालना, अंबड, भोकरदन किंवा परतूर यांपैकी कोणत्याही गावच्या घरात आईबाप या लशीबद्दल जे प्रश्न विचारतात, ते नवे आहेत असे आपल्याला वाटते. इतिहास पाहिला तर ते बहुतेक जुनेच आहेत.

पहिला प्रश्न असे : हे औषध कुणाच्या अंगातले? १७९६ साली इंग्लंडात जेन्नरने गोस्तनदेवीची लस शोधली. ती हिंदुस्थानात पोहोचायला सहा वर्षे लागली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस टोचली गेली. या देशात देवीची लस यशस्वीपणे लाभलेले ते पहिले मूल. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन आणखी पाच मुलांना टोचले, आणि तिथून ती लस पुण्यास, सुरतेस, हैदराबादेस गेली. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणावर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांची सत्ता आणि इंग्रजांची सुई दख्खनेत जवळजवळ हातात हात घालून आल्या. त्यामुळे सुईकडे पाहताना लोकांना तलवार दिसे, यात नवल ते काय?

बर्फाच्या पेट्या नव्हत्या, काचेच्या कुप्या नव्हत्या. लस जिवंत ठेवायची तर एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, आठवड्यामागून आठवडे न्यावी लागे. म्हणजे आपल्या लेकराच्या अंगात कुणाच्या तरी अंगातला द्रव जाणार. जातिपातीने बांधलेल्या समाजाला हे सोसवणे कठीणच होते. पण आईबापांची ती शंका निव्वळ सोवळ्याची होती, असे समजण्याचे कारण नाही. १८६१ साली इटलीतल्या रिव्हाल्टा या गावी, दंडावरून दंडावर नेलेल्या लशीबरोबर कितीतरी मुलांना उपदंश झाला, म्हणजे ज्याला आपण गर्मी म्हणतो तोच रोग. लस आणि गुप्तरोग यांची गाठ युरोपातच एकदा अशी पडली होती! पुढे वासराच्या कातडीवर वाढवलेली लस आली आणि हा धोका संपला. आईबापांचा प्रश्न अडाणी म्हणून हिणवला गेला होता. त्याचे उत्तर शास्त्राला शेवटी द्यावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा प्रश्न : हे कुणाच्या हुकमाने? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वर्षभरात त्याने महाराष्ट्र पोखरून काढला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्यातच गेल्या. त्याच जानेवारीच्या १० तारखेस वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्यास स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पण लोकांच्या मनावर ठसली ती ही सुई नव्हे. ठसले ते घरात घुसणारे सोजीर, रस्त्यावर काढलेली भांडीकुंडी, बायाबापड्यांची तपासणी. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. जुलूम आणि उपचार एकाच दारातून आत आले, की लोक दोघांनाही एकच समजतात.

हाफकिनला दुसरा घाव पंजाबातल्या मालकोवाल गावी बसला. १९०२ साली तिथे टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष एका कुपीतल्या दूषित द्रवाचा होता. पण सगळ्या लशीवरच काळोखी पसरली. हाफकिनवरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले आणि ते आजही आहे. परंतु गावोगावच्या आईबापांना तो निकाल कळवायला कोणी गेले नाही. अफवा घोड्यावर बसून येते आणि खुलासा पायी निघतो.

तिसरा प्रश्न खरा अवघड. तो म्हणजे : लोक काय म्हणतील? शरीरसंबंधातून होणाऱ्या रोगांबद्दल आपल्याकडे जी मुकी भिंत आहे, तिचा पायाही एकोणिसाव्या शतकात भक्कम झाला. इंग्रजांच्या छावण्यांत गोऱ्या सोजिरांना हे रोग होऊ नयेत म्हणून १८६४ साली छावण्यांचा कायदा आणि १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला. त्यान्वये तपासणी व्हायची ती बाजारातल्या बायांची, सोजीर मोकळा. १८८८ साली तो दुसरा कायदा रद्द झाला, पण त्याने रुजवलेला हिशेब मागे राहिला : रोग बाईचा, लाज बाईची, आणि पुरुष केवळ बळी. घरंदाज माणसाने या रोगांचे नावही घ्यायचे नाही, कारण नाव घेणे म्हणजे त्या बाजारात पाऊल टाकणे!

ही भिंत फोडायला निघालेला मराठी माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली. आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. गुप्तरोग कसे होतात, ते कसे टाळावेत, हे त्यांनी साध्या मराठीत, गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा कोरड्या स्पष्टपणाने लिहिले. त्याबद्दल अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्व्यांचा श्वास थांबेपर्यंत चालू राहिले. आपण आज कर्व्यांचे पुतळ्यासारखे कौतुक करतो. पण २००७ साली शाळांतून किशोरवयीन मुलांना लैंगिक शिक्षण देण्याचा प्रश्न आला, तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबवण्यात आला. कर्व्यांचा खटला अजून पुरता निकालात निघालेला नाही, असाच याचा अर्थ.

आता या मुकेपणाची किंमत पाहू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायका आजारी पडतात, आणि पाऊण लाखाहून अधिक मरतात. खेड्यांत त्याचे प्रमाण किती, हे मोजायचे काम हिंदुस्थानात प्रथम झाले ते मराठी मुलखात. १९८७ साली बार्शीस ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांतून कार्यकर्ते हिंडत, आणि घराघरांतल्या आजारांची नोंद करीत. त्या वहीत ठळकपणे उमटलेला बायकांचा रोग हाच होता. बहुतेक बाया उशिरा, दुखणे हाताबाहेर गेल्यावरच येत. अंगावरून जाते हे सांगायचे कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती, डॉक्टर पुरुष!

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी तपासणी झाली. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका तीत होत्या. गावांचे ५२ गट पाडून चार तऱ्हा केल्या होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न मिळालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीने मरण निम्म्यावर आले होते. त्या दुसऱ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे न्यायाचे होते काय, यावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो होणे रास्तच होते. जगाला शहाणपण मिळाले. त्याचे मोल मराठवाड्यातल्या बायकांनी भरले.

या रोगाचे मूळ शोधण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८४२ साली इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरला दिसले, की हा कर्करोग संसारी बायकांत आढळतो, मठातल्या जोगिणींत जवळजवळ नाही. कारण उमगायला मात्र एकशेचाळीस वर्षे लागली. १९८३ साली जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार या गाठींत दाखवून दिला, त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, २००६ साली, लस तयार झाली होती. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. त्याचे नुसते रिकामे कवच असते. शरीर ते कवच ओळखून ठेवते आणि खरा शत्रू आला की त्याला दारातच अडवते.

इथे आईबापांच्या मनातला सगळ्यात खोल काटा येतो. "आमची पोर तशी नाही हो, ताई," असे आशाताईला एखादी आई म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. पण व्हेरोनाच्या नोंदीत जोगिणींच्या विरुद्ध बाजूला वेश्या नव्हत्या. संसारी बायका होत्या. हा विषाणू इतका सर्रास आहे, की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा लागतोच, आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. जिच्या अंगात तो ठाण मांडतो, तिला पुढे धोका. मुलगी सात जन्मांची पतिव्रता असली, तरी नवऱ्याच्या भूतकाळाची शाश्वती कोण देणार? तेव्हा ही लस मुलीच्या चारित्र्याचा दाखला मागत नाही, आणि तिच्या चारित्र्यावर शिंतोडाही उडवीत नाही. उलट निमूटपणे संसार करणारीला ती अधिक हवी.

आणि 'एवढ्या लहानपणी कशाला?' या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. विषाणू अंगात शिरल्यावर ही लस त्याला बाहेर काढू शकत नाही. म्हणून ती आधी हवी. धरण पूर येण्यापूर्वी बांधायचे असते. जालना जिल्ह्यात तर हा काळ आणखी आखूड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इथल्या विशी-चोविशीच्या बायकांत साधारण तिनांत एकीचे लग्न अठराच्या आत झाले होते. घनसावंगी-अंबड-परतूरकडची कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने तिचे हात पिवळे करतात. जे आईबाप चौदाव्या वर्षी तिला लशीसाठी लहान समजतात, त्यांतलेच काही सोळाव्या वर्षी तिला बोहल्यासाठी मोठी समजतात, ही विसंगती कुणीतरी प्रेमाने त्यांच्या नजरेस आणून द्यायला हवी.

मुली वांझ होतील, ही अफवा मात्र अशी झटकून टाकता येत नाही. तिला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. या लशीने दंड दुखतो, कसकस येते, कधी एखादीला चक्कर येते. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. पण भीतीचे मूळ आठवणीत आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचू लागले तेव्हा तीच वांझपणाची कुजबुज पुन्हा उठली. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. ज्यांच्या आयाबहिणींच्या गर्भाशयाशी असा व्यवहार झाला, त्यांनी गर्भाशयाच्या नावाने आलेल्या सुईकडे संशयाने पाहिले, तर त्यांना हसण्याचा अधिकार कुणाला आहे?

त्यात खम्ममची गोष्ट घडली. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदे जिल्ह्यांत या लशीचा प्रयोगादाखल कार्यक्रम झाला. खम्ममच्या कितीतरी आदिवासी मुली वसतिगृहांत राहणाऱ्या; त्यांच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाचे अधीक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या झाल्या. दोन्ही ठिकाणी मिळून सात मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे नव्हते असे ठरले. पण संमतीतला दोष उघडा पडला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मालकोवालची पुनरावृत्तीच ही. फरक एवढाच, की तिथे कुपी दूषित होती, इथे विश्वास.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या टोचण्या थांबवल्या, आणि त्यातून एक अकल्पित गोष्ट घडली. पुणे, बार्शी आणि देशातल्या इतर काही ठिकाणी एक वेगळा अभ्यास चालू होता; मुलींना दोन की तीन मात्रा द्याव्यात, हे त्यातून ठरवायचे होते. काम मध्येच थांबल्याने पाच हजारांच्या आसपास मुलींना एकच मात्रा मिळाली. या अर्धवट राहिलेल्या मुलींवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. दहा वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला : विषाणूच्या त्या दोन घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एकाच मात्रेने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते! डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वीस वर्षांच्या आतल्या मुलींना एक मात्राही पुरेशी मानली, तिच्यामागच्या पुराव्यांत बार्शी-पुण्याच्या पोरींच्या दंडाचा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या देशी लशीला परवानगी मिळाली. तिकडे स्कॉटलंडात २००८ पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलींना लस देत होते. त्या वयात पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी एकीलाही हा कर्करोग पसरलेल्या रूपात झालेला नाही, असे २०२४ साली जाहीर झाले.

मग आईबापांना सांगायचे कसे? त्याचाही धडा आपल्या घरातच आहे. 'ब' प्रकारची कावीळ रक्तातून, आईकडून बाळाला, तशीच शरीरसंबंधातूनही पसरते. तिची लस २००२ पासून या देशात टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०११ पासून सर्वत्र देण्यात येऊ लागली. जन्मल्या-जन्मल्या बाळाच्या मांडीत ती टोचतात, आणि 'आमचे बाळ तसे नाही' असे कोणतीही आई म्हणत नाही. म्हणजे विरोध लशीला नाही. मुलगी मोठी होते आहे, हे कबूल करण्याला आहे. ही कबुली बापाला जड जाते, आईला त्याहून जड. ती सरकारी फलकाने होत नाही. गावची आशाताई, शाळेतल्या बाई, ओळखीचे डॉक्टर यांनी ओसरीवर बसून, रोग कसा पसरतो हे न लपवता, प्रश्नांना न कंटाळता, आणि नकार मिळाला तर पुन्हा यायची तयारी ठेवून ती मिळवावी लागते. सही आईबापांचीच हवी. आणि चौदा वर्षांच्या मुलीलाही तिच्या दंडात काय जाते आहे ते कळले पाहिजे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच, हेही तेव्हाच सांगावे.

जालन्याला जुने लोक सोन्याचा पाळणा म्हणत आले आहेत. बाजारपेठेच्या वैभवावरून पडलेली म्हण ती. पण पाळणा म्हटला की त्याची दोरी हलवणारी बाई आलीच. दहीभात दाखवून देवीची पाठवणी करणाऱ्या आईने अखेर त्याच देवीला सुईने काढू दिले, आणि १९८० साली ती देवी जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. त्या आईला कुणी व्याख्यान देऊन जिंकले नव्हते. टोचलेले मूल वाचते आणि न टोचलेले जाते, हे तिने गल्लीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. या रोगात मात्र तसे पाहायला मिळत नाही, कारण तो टोचल्यानंतर वीस-तीस वर्षांनी यायचा असतो. तेवढ्या लांबचे पाहण्यासाठी आईबापांना डोळ्यांऐवजी विश्वास वापरावा लागणार. तो मिळवायचा की नाही, हा आता सुई धरणाऱ्या हाताचा प्रश्न आहे.